सोसायटीचं दप्तर कंपनीच्या कुलपातून कसं सोडवायचं

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ठाण्यातल्या घंटाळीजवळच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका माझ्या दुकानात आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक सीडी. इमारत पुनर्विकासाला चालली होती आणि बिल्डरच्या वकिलांनी १९९९ च्या वार्षिक सभेतला एक ठराव मागितला होता. तळमजल्यावरच्या दुकानांमागची मोकळी जागा कोणी वापरायची, याबद्दलचा. इतिवृत्ताची वही २६ जुलै २००५ च्या पुरात गेली. ऑफिस तळमजल्यावर, कपाटाचे खालचे दोन खण रात्रभर पाण्यात. पण त्या काळच्या सेक्रेटरींनी सगळी इतिवृत्तं संगणकावर टाइप करून घेतली होती आणि पुढे सीडीवर उतरवली होती. सीडी चालली. फाइलही उघडली. आत मात्र इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि कंस यांची खिचडी. एकही मराठी शब्द नाही.

काका म्हणाले, "ताई, व्हायरस लागलाय का हो?"

व्हायरस नव्हता. फाइल ठेवली तशीच शाबूत होती. ती वाचायची किल्ली तेवढी एका कंपनीकडे राहिली होती. ज्या फाँट-पॅकेजमध्ये ते टाइप झालं होतं, ते आजच्या विंडोजवर चढत नव्हतं, आणि त्याचं हार्डवेअर लॉक प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात बसायचं. तो पोर्ट आता मशीनला येतच नाही.

नौपाड्यात मी १९९७ पासून डीटीपी, म्हणजे संगणकावर टाइप करून छपाईची पानं जुळवायचं काम, करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं, आणि सोसायट्यांची इतिवृत्तं तर असंख्य. त्या काळात मी स्वतः अशाच फाँटमध्ये हजारो पानं टाइप केली, म्हणून हे काम मला माझं वाटतं. हे लिहिते आहे ते सोसायट्यांचे सेक्रेटरी, खजिनदार, छोटे ट्रस्ट, वाचनालयं, भजनी मंडळं चालवणाऱ्यांसाठी. जुनं दप्तर सोडवायचं कसं, आणि नवं पुन्हा अडकू द्यायचं नाही ते कसं. मधे थोडं थांबून हे कुलूप मुळात का घातलं जातं तेही सांगणार आहे, कारण ते कळलं नाही तर दहा वर्षांनी तुम्ही पुन्हा सीडी घेऊन कोणाच्या तरी दारात उभे असाल.

फाइलीच्या पोटात काय असतं

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. युनिकोडमध्ये 'क' म्हणजे २३२५. ठाण्यात, टोकियोत, आयफोनवर, स्वस्तातल्या मोबाइलवर, सगळीकडे २३२५ म्हणजे 'क' हे ठरलेलं आहे, आणि ते कोणालाही पैसे न देता वाचता येतं. याला खुलं मानक म्हणायचं.

आमच्या जुन्या फाँटचं तसं नव्हतं. मशीनला २५६ घरं माहीत होती आणि ती इंग्रजीसाठी होती. फाँट करणाऱ्यांनी त्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. मशीनच्या लेखी फाइलीत इंग्रजीच होतं, फाँट लावला की डोळ्यांना मराठी दिसायचं. कुठल्या घरात कुठला तुकडा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकाची फाइल दुसऱ्याच्या फाँटमध्ये उघडली की काकांच्या सीडीसारखी खिचडी.

तेव्हा सर्वांसाठी एक कोड नव्हता असंही नाही. भारतीय मानक ब्युरोचं इस्की, म्हणजे आयएस १३१९४, १९९१ सालचं. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि त्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली. तरी डीटीपीवाल्यांनी ते वापरलं नाही, याला एक रास्त कारण होतं. मशीनला जोडाक्षरं स्वतःहून जोडता येत नव्हती. विंडोजमध्ये ती सोय आली विंडोज २००० पासून, सुलेखनकार र. कृ. जोशींनी रेखलेल्या 'मंगल' फाँटबरोबर. तोपर्यंत तुकड्यांचे फाँट करणाऱ्या मंडळींमुळेच आम्हाला सुबक मराठी छापता आलं. ते ऋण मी मानते.

प्रश्न त्यानंतरचा आहे. मशीनला युनिकोड कळायला लागलं, तरी पुढची कितीतरी वर्षं छापखान्यांचं आणि कार्यालयांचं काम जुन्याच मांडणीत चाललं. मी एका कंपनीला माझ्या जुन्या फाइलींसाठी अक्षरांचा तक्ता मागितला होता. उत्तर आलं, नवी आवृत्ती विकत घ्या, त्यात जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर आहे. पैसे भरून विकत घेतलेल्या फाँटमध्ये, माझ्या बोटांनी टाइप केलेली माझी पानं, आणि ती वाचण्यासाठी पुन्हा पैसे. त्या दिवशी मला जे वाईट वाटलं ते अजून गेलेलं नाही.

कुलूप का घालतात

लिफ्टचं उदाहरण देते, कारण ते कमिटीतल्या प्रत्येकाला लगेच कळतं. लिफ्ट बसवताना चार कोटेशनं येतात आणि सगळे गोड बोलतात. बसल्यावर कंट्रोलरचं कार्ड त्यांचं, त्यातला बिघाड वाचायचं यंत्र त्यांच्याच माणसाकडे. बाहेरचा मेकॅनिक येतो, कार्ड बघतो आणि म्हणतो, हे पूर्ण बदलावं लागेल. मग एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचा, दर वाढला तरी कमिटी मान खाली घालून सही करते. त्या सहीमागे सेवेचं समाधान किती आणि बदलण्याच्या खर्चाची धास्ती किती, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

सॉफ्टवेअरमध्ये हेच जास्त जोरात चालतं. पहिली प्रत बनवायला कंपनीला प्रचंड खर्च येतो, पुढच्या लाखो प्रतींना जवळपास काहीच नाही. त्यामुळे किंमत बनवण्याच्या खर्चावरून ठरत नाही. गिऱ्हाइकाला सोडून जाणं किती महाग पडेल, त्यावरून ठरते. फाइलीचं स्वरूप खुलं झालं, की दुसरा कोणीही तीच फाइल उघडणारा, स्वस्त किंवा चांगला प्रोग्रॅम आणू शकतो, आणि मोठ्या कंपनीला दरवर्षी आपली योग्यता नव्यानं सिद्ध करावी लागते. जी कंपनी पहिल्या क्रमांकावर आहे, तिला हे नको असतं.

हा नुसता माझा अंदाज नाही. डिसेंबर १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलेला एक ईमेल पुढे अमेरिकेतल्या खटल्यात पुरावा म्हणून बाहेर आला. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या, फाइली दुसऱ्यांच्या ब्राउझरमध्ये फार चांगल्या दिसू देणं कंपनीला अत्यंत घातक ठरेल, असा त्याचा आशय होता. गिऱ्हाइकाच्या सोयीची गोष्ट कंपनीच्या मुळावर येते, हे कंपनीच्या प्रमुखानंच लिहून ठेवलेलं.

पण याच मायक्रोसॉफ्टनं ॲपल, आयबीएम यांच्याबरोबर युनिकोड मात्र उचलून धरलं. हे मला बरीच वर्षं कोडं वाटायचं. उत्तर सोपं आहे. अक्षरांच्या कोडवर त्यांची कमाई नव्हती. उलट प्रत्येक देशासाठी वेगळं विंडोज बनवण्याचा खर्च वाचत होता. कमाई होती ती वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींवर, तिथे त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवलं. अडोबीचंही तसंच. पीडीएफ १९९३ ची, वाचायचा प्रोग्रॅम पुढे फुकट वाटला, २००८ मध्ये स्वरूप आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हवाली केलं, कारण सगळ्यांनी पीडीएफ वाचली तर ती बनवण्याची त्यांची साधनं अधिक खपणार होती. म्हणून एखादी कंपनी खुलेपणाबद्दल बोलायला लागली की मी एकच विचारते, हिची कमाई कुठे आहे? त्या जागेला खुलेपणा लागू होतो का ते बघा. बाकीच्या जागांचं कौतुक जरूर करा, पण दप्तर त्या भरवशावर ठेवू नका.

आणखी एक. नवखी कंपनी दारं उघडी ठेवते, मोठी झाली की लावून घेते. गूगल टॉक २००५ मध्ये आलं तेव्हा ते एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर होतं, पुढे दुसऱ्यांच्या सर्व्हरवरच्या माणसांशीही त्यावरून बोलता यायचं. २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना ती दारं बंद झाली. तुमच्या सोसायटीसाठी नवं ॲप विकायला येणारा मुलगा मनापासून सांगतो, "काकू, डेटा तुमचाच." तो खोटं बोलत नसेल. पण कंपनी वाढल्यावर तो तिथे नसेल, म्हणून आश्वासन कागदावर घ्या. कसं ते शेवटी सांगते.

आता कामाला लागू: जुन्या फाइली

सगळ्यात आधी मूळ सीडी, फ्लॉपी, पेनड्राइव्ह जे असेल त्याची जशीच्या तशी नक्कल दोन ठिकाणी करा आणि मूळ बाजूला ठेवून द्या. फ्लॉपीसाठी यूएसबीला लावायचा ड्राइव्ह मिळतो. मूळ फाइल उघडून चुकूनही सेव्ह करू नका. नवीन वर्ड जुनी फाइल सेव्ह करताना फाँटचं नाव बदलून टाकतो असं मी पाहिलं आहे, आणि ते नाव हाच आपला एकमेव धागा असतो.

मग नकलेवर काम. फाइल उघडा, खिचडीतल्या एखाद्या शब्दावर कर्सर ठेवा आणि वर फाँटच्या चौकटीत काय नाव दिसतं ते लिहून घ्या. फाँट मशीनवर नसला तरी नाव दिसतं. एका फाइलीत दोन-तीन नावं असू शकतात, मथळ्याचा वेगळा, मजकुराचा वेगळा. सगळी लिहा. फाइल पेजमेकरची, म्हणजे पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमची, असेल आणि पेजमेकर आता कुठेच नसेल, तर लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या खुल्या ऑफिस-पॅकेजच्या ड्रॉमध्ये उघडून बघा. मांडणी हलते, पण मजकूर हाती लागतो.

इथे बहुतेक लोक एक चूक करतात. मजकूर उचलून नोटपॅडमध्ये टाकतात आणि मग कन्व्हर्टरला देतात. नोटपॅडमध्ये फाँटची माहिती पुसली जाते. मग इतिवृत्तातला खरा इंग्रजी शब्द, म्हणजे बँकेचं नाव, 'प्लॉट नंबर'च्या पुढचं इंग्रजी अक्षर, वकिलाची पदवी, हेही कन्व्हर्टर मराठी समजून भलतंच काहीतरी करून ठेवतो. त्यासाठी माझी पद्धत अशी. वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये 'शोधा आणि बदला' उघडायचं, शोधायच्या जागी शब्द न लिहिता फक्त तो मराठी फाँट निवडायचा, आणि बदलायच्या जागी लाल रंग. एका फटक्यात जुन्या फाँटमधलं सगळं लाल होतं, खरं इंग्रजी काळं राहतं. लाल तेवढंच रूपांतराला द्यायचं.

कन्व्हर्टर त्या-त्या फाँट घराण्याचाच हवा. एका घराण्याचा दुसऱ्याला चालत नाही, जवळचं नाव दिसलं तरी. पूर्ण फाइल देण्याआधी दहा ओळी द्या, आणि त्यात पुढचे शब्द येतील अशा ओळी निवडा.

'स्थिती' हा पहिला. जुन्या फाँटमध्ये ह्रस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी आधी साठवलेली असते, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये व्यंजनं आधी, वेलांटी नंतर. कन्व्हर्टरला ती वेलांटी उचलून दोन घरं पुढे न्यावी लागते. कच्चा असेल तर तो एकच घर पुढे नेतो आणि 'सि्थती' असं काहीतरी तुटकं मिळतं. 'व्यक्ती'वर विश्वास ठेवू नका, तिथे वेलांटी दीर्घ असल्यानं कच्चा कन्व्हर्टरही पास होतो.

दुसरा रफाराचा. 'कार्यकारिणी', 'वर्गणी', 'निर्णय'. रफार जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी.

तिसरा खास आपला मराठीचा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर हा डोक्यावर न चढणारा आडवा र ओळखत नाहीत आणि सगळ्यांचा रफार करून टाकतात. काकांच्याच फाइलीत गणेशोत्सवाच्या हिशोबात आचाऱ्यांना ५०० रुपये आगाऊ दिल्याची नोंद होती, ती रूपांतरात आचार्यांना गेली. हिशोबात फरक पडला नाही, पण हीच गडबड एखाद्या सभासदाच्या आडनावात झाली तर वारसाच्या कामात अडचण येते. 'गोऱ्हे', 'कऱ्हाडे', 'बऱ्हाणपूरकर' अशी नावं एकेक करून तपासा.

चौथा 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक 'ऍ' लिहायचे, अजूनही लिहितात. डोळ्यांना जवळजवळ सारखं, मशीनला वेगळं. 'ॲडव्होकेट' शोधलं तर 'ऍडव्होकेट' सापडत नाही. सगळीकडे 'ॲ' करून टाका.

अंक आणि रकमा मात्र कन्व्हर्टरवर सोडूच नका. स्वल्पविराम, दशांशचिन्ह आणि कंस जुन्या फाँटमध्ये कुठल्याही घरात बसवलेले असायचे. मूळ छापील प्रत असेल तर एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवत ताडून बघायचं, जुन्या छापखान्यात प्रुफं तपासायचो तसं. छापील प्रत नसेल तर बेरजा मारून बघा. जमा-खर्चाची बेरीज जुळली की अंक बहुतेक शुद्ध आले.

शेवटची कसोटी म्हणजे शोध. फाइलीत 'ठराव' हा शब्द शोधा. काकांच्या ४६ पानांत तो ११२ वेळा सापडला आणि ७३व्या ठिकाणी दुकानांमागच्या जागेचा ठराव निघाला, क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक यांच्यासकट. सही नसलेल्या फाइलीला मूळ इतिवृत्ताचं मोल नाही, हे वकिलांनी स्पष्ट सांगितलं. पण तारीख आणि क्रमांक कळल्यामुळे त्या सभेच्या सह्या असलेल्या प्रतीचा माग काढता आला. ती एका माजी अध्यक्षांच्या घरी, वरच्या माळ्यावरच्या ट्रंकेत होती. तारीख माहीत नसताना ती ट्रंक कोणीच उघडली नसती.

कशात ठेवायचं

एकाच स्वरूपावर विसंबू नका. मजकुराच्या दोन प्रती ठेवा: एक ओडीटी, एक पीडीएफ-ए. आकड्यांची तिसरी, सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल.

ओडीटी हे ओडीएफ या खुल्या मानकातलं. ते २००६ मध्ये आयएसओचं मानक झालं आणि त्याची पूर्ण माहिती सगळ्यांना उपलब्ध आहे. "पण वर्डचं डॉकएक्स पण मानकच आहे ना?" असं मला हमखास विचारतात. आहे, आणि ते कसं झालं हे ऐकण्यासारखं आहे. ओडीएफला सरकारं पसंती द्यायला लागल्यावर मायक्रोसॉफ्टनं आपल्याच स्वरूपाला मानक करून घ्यायचा घाट घातला. दस्तऐवज सुमारे ६,००० पानांचा. सप्टेंबर २००७ च्या मतदानात तो पुरेशा मतांअभावी अडला, मार्च २००८ च्या फेरीनंतर मंजूर झाला. भारतानं दोन्ही वेळा विरोधात मत दिलं, आणि नंतर दक्षिण आफ्रिका, ब्राझील, व्हेनेझुएला यांच्यासारखं अपीलही केलं. ते फेटाळलं गेलं. आपल्या देशानं त्या खोलीत घेतलेली ती भूमिका मला आजही अभिमानाची वाटते.

त्या मानकात 'स्ट्रिक्ट' आणि 'ट्रान्झिशनल' असे दोन प्रकार आहेत. दुसरा जुन्या फाइलींचं ओझं वाहण्यासाठीचा, संक्रमणापुरता. वर्डमध्ये 'सेव्ह ॲज'ची यादी उघडा, त्यात खाली 'स्ट्रिक्ट' दिसेल. तुम्ही काहीच निवडलं नाही तर अजूनही दुसऱ्याच प्रकारात सेव्ह होतं. हे ओझं काय असतं ते बघायचं असेल तर एक्सेलच्या एका घरात ६० लिहा आणि त्या घराला तारखेचं स्वरूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. असा दिवस नव्हताच, १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली चूक एक्सेलनं फाइली जुळाव्यात म्हणून मुद्दाम उचलली आणि पुढे ती मानकाच्या पानांतही गेली. लिब्रेऑफिसमध्ये तेच करा, २८ फेब्रुवारी येईल. मानक या शब्दाला भुलू नका, ते दुसऱ्या कोणाला पूर्णपणे पाळता येतं का ते बघा.

पीडीएफ-ए म्हणजे जतनासाठीची पीडीएफ. फाँट तिच्या पोटातच असतो. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ एक्स्पोर्ट करताना 'आर्काइव्ह' असा पर्याय येतो, त्यावर खूण करा. फक्त पीडीएफवर थांबू नका मात्र. मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांट्या आणि जोडाक्षरं बऱ्याचदा विस्कटतात, कारण तिच्यात पानाचं चित्र पक्कं असतं, अक्षरांचा क्रम तितका नाही. पाहायला पीडीएफ, कामाला ओडीटी.

सभासदांची यादी, थकबाकी, सिंकिंग फंड यांचं सीएसव्ही करा आणि एक्सेलमध्ये 'सीएसव्ही युटीएफ-८' हाच पर्याय निवडा. युटीएफ-८ म्हणजे फाइलीत युनिकोड साठवायची पद्धत. साधा सीएसव्ही निवडला तर सभासदांची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन जातात आणि ती परत येत नाहीत. खात्री करायला तीच फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडा, उघडताना 'कॅरॅक्टर सेट'च्या चौकटीत युटीएफ-८ निवडा, नावं दिसली की झालं.

फाँट खुल्या परवान्याचा घ्या: मुक्ता, नोटो, लोहित, यांतला कुठलाही. फाइलीला नाव देताना तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस अशी, मग 'वार्षिक सभा'. आपोआप क्रमानं लागतात.

नवं सॉफ्टवेअर घेताना

हिशोबाचं सॉफ्टवेअर, गेटवरचं ॲप, मेंटेनन्सचं बिल काढणारी वेबसाइट, ठाण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत यांतलं एक तरी आहे. विकायला आलेल्या माणसाला बिल कसं निघतं ते दाखवू द्या. मग त्याच्याच लॅपटॉपवर दहा खोट्या सभासदांच्या नोंदी करायला सांगा आणि म्हणा, आता हे सगळं बाहेर काढून दाखवा. सभासद नोंदवही, खतावणी, पावत्या, सगळं. तो पीडीएफ काढून देईल. पीडीएफ नको, सीएसव्ही द्या म्हणा. इथे अनेक जण अडतात. कोणी म्हणतं ती सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे, कोणी म्हणतं ऑफिसला मेल करा. जो लगेच काढून देतो, त्याची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि घरी दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. रकाने नीट असतील, सभासद क्रमांक प्रत्येक पावतीला जोडलेला असेल, तर पुढे बोला. जोड तुटलेली असेल तर ती फाइल दिसायला भरगच्च असते, पण कोणत्या पावतीचा सभासद कोण ते कळत नाही. हाही अडवण्याचाच एक प्रकार आहे, आणि माझ्या मते सगळ्यात फसवा, कारण 'एक्स्पोर्ट आहे' असं खरं सांगता येतं.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण काढलं. त्यातल्या कसोट्या घरगुती भाषेत सांगायच्या तर अशा: स्वरूपाची माहिती फुकट किंवा नाममात्र किमतीत मिळते का, वापरायला रॉयल्टी पडते का, आणि ते सांभाळणारी संस्था नफ्यासाठी नसून सर्वांना सहभागी करून घेणारी आहे का. सरकारी कार्यालयांसाठी केलेल्या आहेत, पण २८ बिऱ्हाडांच्या इमारतीलाही तेवढ्याच लागू पडतात.

मग कार्यादेशात एक कलम घाला. मी काकांना लिहून दिलं ते हे: "संस्थेची सर्व माहिती संस्थेच्या मालकीची राहील. संस्थेस ती कोणत्याही वेळी, स्वतः, अतिरिक्त शुल्काविना, सीएसव्ही (युटीएफ-८) स्वरूपात, नोंदींमधील परस्परसंबंध कायम ठेवून उतरवून घेता येईल. करार संपल्यानंतर ९० दिवस ही सोय चालू राहील." विक्रेत्यानं यावर सही करायला नकार दिला तर तुम्हाला हवी ती माहिती मिळाली असं समजा. काकांच्या नव्या कमिटीला दोघांनी नकार दिला, तिसऱ्यानं ९० च्या जागी ६० दिवस करून सही केली.

वॉट्सॲपवर नोटिसा खुशाल पाठवा, पण नोटीस तिथेच टाइप करू नका. आधी फाइल करा, मग पाठवा. ग्रुपची चॅट एक्स्पोर्ट होते, साध्या मजकुराची फाइल मिळते, पण ती बहुतेक दुसऱ्या ॲपमध्ये संभाषण म्हणून चढत नाही. ईमेलचं तसं नाही. १९८२ च्या एसएमटीपी या खुल्या पद्धतीमुळे एका कंपनीच्या खात्यातून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात पत्र जातं आणि कोणाची परवानगी लागत नाही. म्हणूनच कायदेशीर नोटीस ईमेलवरही जाऊ द्या.

वर्षातून एकदा, ३१ मार्चचे हिशोब बंद झाले की, सगळं उतरवून घ्या. दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक सेक्रेटरींकडे, एक खजिनदारांकडे, आणि तळमजल्यावरच्या कपाटात एकही नको. कमिटी बदलली की नव्या मंडळींच्या हातात एक छापील पान द्या: कोणती फाइल कुठे आहे, कोणत्या स्वरूपात आहे, कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडते, शेवटची कधी उघडून पाहिली, आणि खाली उघडणाऱ्याची सही.